पाण्यातील मीठ आणि जंतूंची वस्ती

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, दात्यांची कृतज्ञ नोंद आणि शिष्यवृत्त्यांचा आढावा यावयाचाच. अशा अंकात जंतूंवरचा लेख पाहून काही वाचक पान उलटतील, हे मी गृहीत धरले आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची घरे मांडवी, जुवारी, शापोरा, साळ अशा नद्यांच्या काठी आहेत. विहिरीचे पाणी, खाजनातील भात, बाजारातून आणलेल्या तिसऱ्या, पावसाळ्याच्या पुरुमेतासाठी बरणीत घालून ठेवलेले खारे बांगडे, या साऱ्यांचा एका साध्या प्रश्नाशी संबंध येतो. तो प्रश्न असा की, पाण्यात मीठ किती? कोणत्या पाण्यात कोणते जंतू नांदतील हे ठरविण्यात मिठाचा वाटा केवढा मोठा आहे, हे शास्त्रज्ञांनाही अलीकडेच नीट उमगले आहे.

प्रथम थोडे हिशेबाचे. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून त्याचा खारटपणा हजारी ३५ असे म्हणतात. नदीच्या गोड्या पाण्यात हे प्रमाण हजारी अर्ध्याहूनही कमी असते. या दोहोंच्या मधले ते मचूळ पाणी. मांडवीत भरतीचा जोर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवतो. खारटपणा तितका वर जात नाही, पण वैशाखात तो बराच आत शिरतो. आणि आषाढात पावसाचा लोंढा आला की पणजीपाशीसुद्धा वरचा थर बराचसा गोडा होतो. म्हणजे नदी एकच, जागाही एकच. पण तेथील जंतूंना वर्षाकाठी जणू दोन निरनिराळ्या देशांत राहावे लागते.

जंतू हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे रोगच उभा राहतो. ही समजूत आधी दूर करावयास हवी. चहाच्या चमचाभर समुद्राच्या पाण्यात काही लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत जंतू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. मेलेले कुजविणे, सडलेल्याचे पुन्हा अन्न करणे, माशांच्या पिलांना लागणाऱ्या सूक्ष्म खाद्याची साखळी चालू ठेवणे, ही कामे तेच करतात. ते नसते तर समुद्र म्हणजे एक मोठे प्रेतागार झाले असते.

आता मीठ या जंतूंचे काय करते ते पाहू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की घटकाभरात पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फोडीच्या पातळ पडद्यांतून आतील पाणी मिठाकडे ओढले जाते. जंतूचेही तसेच होते. गोड्या पाण्यातला जंतू समुद्रात पडला की त्याच्या अंगातील पाणी बाहेर जाऊ लागते, तो आकसतो आणि त्याचे आतील व्यवहार थांबतात. उलट समुद्रातला जंतू गोड्या पाण्यात आला की पाणी आत घुसते. ही ओढ लहानसहान नसते. समुद्राचे पाणी आणि गोडे पाणी यांमध्ये केवळ पाणीच जाऊ देणारा पडदा धरला, तर त्यावर येणारा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीस पट भरतो. अशा वेळी फुटून जाऊ नये म्हणून पुष्कळ जंतूंच्या आवरणात ताण वाढताच उघडणाऱ्या झडपा असतात. खाजनाच्या बांधावर आतील पाण्याचा जोर वाढला की मानशीचे दार उघडते, तशा त्या उघडतात आणि आतील द्रव्ये बाहेर टाकून जंतू आपला जीव वाचवतो.

खाऱ्या पाण्यात टिकून राहावयाचे तर जंतूपुढे दोन मार्ग असतात. बहुतेक जंतू पहिला मार्ग धरतात. बाहेरच्या मिठाला तोल म्हणून ते आपल्या अंगात काही निरुपद्रवी द्रव्ये साठवतात. बीटाच्या रसात प्रथम सापडले म्हणून बीटेन असे नाव पडलेले द्रव्य त्यांपैकीच एक. ही द्रव्ये तयार करण्यात फार शक्ती खर्ची पडते. म्हणून पाणी जितके खारट तितका हा संसार खर्चाचा. दुसरा मार्ग फार थोड्यांचा आहे. ते पोटॅशियमचा क्षारच आत भरून घेतात आणि आतली सगळी यंत्रणा त्या क्षारात चालेल अशी बेतलेली असते. त्यांची गोष्ट मिठागरांकडे वळू तेव्हा सांगेन.

एवढ्यावरही भागत नाही. पुष्कळ समुद्री जंतू आपला सोडियम पंपाने बाहेर फेकतात आणि तो परत आत येताना त्याच्या ओघावर आपली कामे करून घेतात. ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरावी तसे. समुद्रात सोडियम विपुल, म्हणून ही चक्की तेथे फुकटात चालते. गोड्या पाण्यात ओढाच आटलेला असतो. तेव्हा मिठाशी जुळवून घेणे म्हणजे अंगरखा बदलणे नव्हे, घराचे वासे बदलणे आहे.

ही गोष्ट किती मूलभूत आहे याचा पुरावा २००७ साली पुढे आला. अमेरिकेतील कॅथरीन लोझुपोन आणि रॉब नाइट या दोघांनी जगभरच्या १११ अभ्यासांतून जंतूंच्या आनुवंशिक खुणांचे २१,७५२ नमुने एकत्र केले. त्यांत माती होती, समुद्र होता, बर्फ होते, उकळते झरे होते, तीव्र आम्लाची डबकी होती. कोणत्या कारणाने हे जंतू एकमेकांपासून सर्वांत अधिक वेगळे पडतात, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्याला वाटावे, उष्णता. नाही तर आम्लता. उत्तर निघाले मीठ. खारट ठिकाणचे जंतू एका बाजूला आणि बिनखारट ठिकाणचे दुसऱ्या बाजूला, अशी सर्वांत ठळक फाळणी दिसली. अर्थात एकाच तळ्यात किंवा एकाच समुद्रात पाहिले तर ऊब, उजेड, अन्न यांचाही प्रभाव मोठाच असतो. पण जगाच्या नकाशावर पहिली रेघ ओढली आहे ती मिठाने.

ही सीमा ओलांडणारेही थोडेच. समुद्रातील जंतूंचे एक कुळ आहे. १९९० साली सारगासो समुद्राच्या पाण्यात त्याच्या खुणा प्रथम आढळल्या, तेव्हा त्याला सार-११ असे रुक्ष नाव मिळाले. २००२ साली त्याला प्रयोगशाळेत वाढविता आले आणि पेलॅजिबॅक्टर असे नाव मिळाले. पृथ्वीवर संख्येने सर्वांत अधिक असणाऱ्या जीवांत याची गणना होते. या कुळाची एक शाखा गोड्या पाण्याच्या सरोवरांत राहते. पण ती शाखा वेगळी झाली ती झालीच. समुद्रातल्या भावंडांशी तिची रोजची येजा नाही. नद्या युगानुयुगे समुद्राला मिळत आल्या, पाण्याबरोबर कोट्यवधी जंतू रोज वाहत गेले, तरी पलीकडे जाऊन घर करणारे फार थोडे निघाले.

मग मधल्या मचूळ पाण्याचे काय? प्राण्यांपुरते याचे एक उत्तर जुने आहे. आडोल्फ रेमाने या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९३४ साली बाल्टिक समुद्रातील प्राण्यांच्या जाती मोजून दाखवून दिले की, हजारी ५ ते ८ एवढ्या खारटपणाच्या पाण्यात जाती सर्वांत कमी असतात. समुद्रातल्यांना तेथे मीठ अपुरे, नदीतल्यांना अधिक, मध्ये ओसाडी. जंतूंचेही असेच असणार, असे पुढे पुष्कळ वर्षे धरून चालले.

याची परीक्षा पाहण्यास बाल्टिकसारखी जागा दुसरी नाही. उत्तरेच्या टोकाला तेथील पाणी जवळजवळ गोडे, हजारी २ च्या आसपास. मध्यभागी वरच्या थरात हजारी ७ च्या आसपास. आणि डेन्मार्ककडे सरकावे तसे ते खारट होत जाते. सुमारे २००० किलोमीटरच्या या वाटेवर ठिकठिकाणचे पाणी घेऊन केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मधल्या पट्ट्यात जंतूंच्या जाती कमी झालेल्या आढळल्या नाहीत. पाणी बदलत जाते तशी वस्ती बदलत जाते हे खरे. पण मध्ये ओसाडी नाही, तेथे एक तिसरीच वस्ती आहे. २०१५ साली याहून नवलाची गोष्ट कळली. बाल्टिकच्या मचूळ पाण्यातील जंतूंचे जवळचे नातलग शेजारच्या नद्यांत किंवा उत्तर समुद्रात नसून दूरदूरच्या दुसऱ्या मचूळ पाण्यांत आहेत. संशोधकांच्या अंदाजाने ही कुळे एक लक्ष वर्षांहून जुनी. आणि बाल्टिक तर मचूळ समुद्र म्हणून अवघा आठ हजार वर्षांचा. म्हणजे हे जंतू तेथे घडले नाहीत, तयारीनिशी येऊन राहिले. सरहद्दीवरच्या माणसांना दोन्हीकडचे लोक ‘तुम्ही धड इकडचे ना तिकडचे’ म्हणतात, हे आपल्या परिचयाचे आहे. या जंतूंच्या बाबतीत तरी ते साफ खोटे ठरले.

मात्र प्रत्येक खाडीत अशी स्थायिक वस्ती असतेच असे नाही. अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स राज्यात प्लम आयलंड नावाची खाडी आहे. तेथील अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून निघालेला नियम कोणालाही पटण्यासारखा आहे. जंतूची संख्या दुप्पट होण्यास जितका वेळ लागतो, त्याहून पाणी खाडीत अधिक काळ राहिले पाहिजे. तरच तेथे मचूळ पाण्याची खास वस्ती उभी राहते. वसंतात नदीला जोर असताना त्या खाडीत केवळ नदीचे आणि समुद्राचे जंतू मिसळलेले दिसले. उन्हाळ्यात व शरदात पाणी रेंगाळू लागले तेव्हा खाडीचे स्वतःचे जंतू दिसले. धर्मशाळेत एक रात्र उतरणारे कितीही आले तरी त्याला गाव म्हणत नाहीत, तसाच हा प्रकार.

या नियमाने आपल्या नद्यांकडे पाहावे. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे पाणी सह्याद्रीवरून धावत येते आणि पाहता पाहता समुद्राला मिळते. त्यातील जंतू वाटसरूच म्हणावयाचे. पौषापासून वैशाखापर्यंत वरून येणारे पाणी क्षीण होते आणि तेच ते पाणी भरती-ओहोटीबरोबर आठवड्यांमागून आठवडे मागेपुढे हेलकावे खाते. स्थायिक वस्तीला हाच काळ अनुकूल. आणि या काळात आपण नदीत जे सोडतो तेही तितकेच दिवस तेथे राहते, ही दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी.

खाजनातला चिखल ढवळला की सडक्या अंड्यासारखा दर्प येतो. कित्येक लोक त्याला घाण समजून नाक मुरडतात. ती घाण नव्हे, मिठाची खूण आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. पावसाच्या पाण्यात ते नसल्यातच जमा. चिखलात प्राणवायू पोचत नाही. तेथे काही जंतू प्राणवायूऐवजी हे सल्फेट वापरून कुजलेला पाला पचवतात आणि त्यातून तो दर्पाचा वायू निघतो. सल्फेट नसेल तेथे हे जंतू दुबळे पडतात आणि मिथेन वायू करणारे दुसरे जंतू बळावतात. गोड्या पाण्याच्या भातशेतीत चिखलातून बुडबुडे येतात त्यांत तो असतो. खाऱ्या दलदलीत खारटपणा हजारी १८ च्या वर असला की मिथेन फारच कमी सुटतो, असे मोजमापांवरून दिसते. मिथेन हवा तापविणारा वायू असल्यामुळे खाडीकाठच्या या काळ्या चिखलाला आज जगात किंमत आली आहे. आपल्या पूर्वजांनी बांध घालून, मानशी बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढून तेथे कोरगुट भात पिकविले. त्यांनी दरवर्षी चिखलातील जंतूंचीही अदलाबदल घडवून आणली. ती दिसत नव्हती इतकेच.

आता रोगांकडे वळतो, कारण येथे अज्ञान महागात पडते. खारे पाणी जंतुनाशक असते, ही समजूत अर्धीच खरी आहे. माणसाच्या आतड्यातले पुष्कळ जंतू समुद्रात पडले की लवकर मरतात. मीठ त्यांना दुबळे करते, ऊन त्यांचा शेवट करते. पण सर्वच इतक्या लवकर मरत नाहीत. एंटरोकोकस नावाचे आतड्यातलेच जंतू खाऱ्या पाण्यात अधिक काळ तग धरतात. म्हणून समुद्रस्नानाच्या जागा तपासताना १९८६ पासून अमेरिकेत त्यांच्यावर भर दिला जातो. आणि काही रोगजंतूंना तर मचूळ पाणी हेच माहेर आहे.

पटकीचा जंतू त्यांत पहिला. रोबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्याला येऊन पटकीच्या रोग्यांमध्ये तो पाहिला आणि त्याच कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली त्याचे विष दाखवून दिले. हा जंतू केवळ रोग्याच्या मलातून पाण्यात येतो, असे फार काळ मानले गेले. रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, रोगी आसपास नसतानाही तो अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात सापडतो. त्याला सोडियम हवा. पण भर समुद्राइतके मीठ त्याला मानवत नाही. कोमट, मचूळ पाणी त्याला सर्वांत पसंत. तेथे तो पाण्यातील उवेएवढ्या, कवचाच्या बारीक जीवांना चिकटून राहतो. यातूनच एक साधा उपाय निघाला. बांगलादेशातील ६५ खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळून घेण्याचा प्रयोग करण्यात आला. धुऊन धुऊन जुन्या साडीचे धागे विसविशीत होतात आणि छिद्रे लहान होतात. म्हणून नवीपेक्षा जुनीच अधिक उपयोगी. ते बारीक जीव साडीत अडकले आणि त्यांच्याबरोबर जंतूही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पण निम्म्यावर म्हणजे शून्यावर नव्हे. गाळणे हे उकळण्याला पर्याय नाही. ज्यांना सरपण परवडत नाही त्यांच्यासाठी तो आधार आहे. बांध फुटून खाजनाचे पाणी विहिरीत उतरले आणि पाणी मचूळ लागू लागले, तर केवळ चव बिघडली असे समजू नये. ते पाणी तपासून घ्यावे आणि तोवर उकळल्याशिवाय पिऊ नये.

याच कुळातील दुसरा एक जंतू १९५० साली जपानमधील ओसाका येथे ओळखला गेला. तेथे बारीक अर्धसुकी मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व २० दगावली. तिसरा एक जंतू आहे. त्याला २० अंशांहून अधिक ऊब आणि मध्यम खारटपणा लागतो. आपल्या खाड्यांत ऊब बाराही महिने याहून अधिकच असते. यकृताचा विकार असलेल्या माणसाला तो प्राणघातक ठरू शकतो आणि मधुमेह असलेल्यांनीही त्याच्यापासून जपावे. तो दोन वाटांनी शरीरात शिरतो, कच्च्या कालवांतून किंवा उघड्या जखमेतून. तिसऱ्या, खुबे, कालवे ही सारी पाणी गाळून पोट भरणारी असल्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्यात साचतात. शिंपा उघडल्या म्हणजे शिजल्या असे नव्हे. उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटे चांगली उकळी द्यावी. पायाला जखम असताना खाडीत उतरू नये, आणि कालव फोडताना हात कापला तर लगेच गोड्या पाण्याने व साबणाने धुवावा. हात सुजून ठणकू लागला तर मात्र घरगुती लेपांत वेळ न घालविता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

राहिले मिठागर. रायबंदर, शिरदोन, नेरूल, आगरवाडो येथील मिठागरे आपण पाहिलेली आहेत. उन्हाने पाणी आटत आटत हजारी ३५ वरून तीनशेच्या घरात जाते, तसे एकेक जंतू मागे पडत जातात. बीटेनवर भागविणाऱ्यांना खर्च झेपेनासा होतो. शेवटच्या कोंड्यांत, जेथे मिठाचे खडे धरतात, तेथे वर सांगितलेल्या दुसऱ्या मार्गाचे, अंगातच क्षार भरून घेणारे जीव राज्य करतात. दिसावयास ते जंतूंसारखेच. पण कार्ल वूझ या शास्त्रज्ञाने दाखविल्याप्रमाणे ते आर्किया नावाच्या अगदी निराळ्या घराण्यातले आहेत. कोंड्यांतील पाण्याला कधी कधी गुलाबी-तांबूस झाक येते, ती त्यांची आणि त्यांच्या सोबतीला असलेल्या एका सूक्ष्म शेवाळाची. गोव्यातील संशोधकांनी रायबंदर व शिरदोन येथील मिठागरांतून असे जीव वेगळे काढून वाढविलेले आहेत.

खारवलेल्या मासळीवर पावसाळ्यात कधी तांबडी बुरशीसारखी झाक दिसते, ती बहुधा बुरशी नसून हेच जीव असतात. मिठातूनच ते मासळीवर येतात. कॅनडातील खारवलेल्या कॉड माशांवरच्या अशा तांबडेपणाचा अभ्यास १९२२ सालीच प्रसिद्ध झाला होता. हे जीव माणसाला रोग देत नाहीत, पण मासळी मऊ पडते व वास मारते. अशी मासळी टाकूनच द्यावी. कोरडी हवा आणि स्वच्छ मीठ असेल तर हा प्रकार कमी होतो.

मृगाचा पहिला पाऊस मिठागरात पडला की यांचे राज्य संपते. गोड्या पाण्यात त्यांतील अनेक जीव अक्षरशः फुटतात, कारण त्यांची सारी यंत्रणा मिठाच्या आधारानेच उभी असते. परंतु खडे धरताना त्यांत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात आणि त्या थेंबांत हे जीव फार काळ जिवंत राहू शकतात. आगरातून आणलेल्या खडेमिठाच्या बरणीत ते आपल्या स्वयंपाकघरातही असू शकतात. आमटीत मीठ पडताच मरतात, आणि कोणालाही काही अपाय करीत नाहीत.